घोंगडं भिंतीवर

तीर्थस्वरूप धनाजीमामांस,

कानपूरहून भाचा कृष्णातचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इथं भट्टीवर सोनं वितळवून वितळवून भुवया निम्म्या जळाल्यात, बाकी तब्येत बरी हाय. तुमचा गुडघा, मामीचा दमा आन तो लंगडा बोकड, तिघांचं कसं काय ते कळवा.

सुट्टीवरनं परत जाताना खंडाळ्यात उतर, आपल्या उत्कर्षाला आलेलं रविराजचं स्थळ बघ आन खरं काय ते लिही, असं तुमी सांगितलं हुतं. उतरलो. मामा, अजून छाती धडधडतीय. (उत्कर्षाला हे वाचून दाखवू नका, घाबरंल.)

रविराज म्हंजे ज्याचा बाप दरसाल मेंढरं घेऊन कोकणात चालत जायचा, त्याचं पोरगं. आता कंपनीत कायम झालाय, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. मी गेलो तवा हा गडी घरातल्या घरात एका मशीनवर चालत हुता. खाली पट्टा पळतोय, वर हा पळतोय, आन दोघंबी जागच्या जागी! कुठं निघालास रं, म्हटलं, तर म्हणतो पोट सुटलंय. बाप एवढं चालला असता तर घाट उतरून गेला असता.

पुढचं ऐका. मामीनं हातानं लोकर कातून केलेलं घोंगडं तुमी त्याला भेट म्हणून माझ्या हाती दिलं हुतं. त्यानं ते डोळ्याला लावलं (इथवर मला बरं वाटलं) आन सोफ्यामागं भिंतीवर टांगलं! वरनं पिवळा दिवा सोडला! ज्याच्यावर आपण देव मांडतो ते घोंगडं, मामा, खिळ्याला!

तो कामावर गेला तशी त्याची आई बनुबाई म्हणाली, "लेका, काढ ते खाली. म्हैना झाला माझं बूड भुईला टेकलं न्हाई. त्या सोफ्यात मी नुस्ती आत आत जाती." मग आमी दोघांनी ते फरशीवर अंथरलं, भाकरी-ठेचा घेऊन बसलो. तेवढ्यात बेल वाजली. साहेब ओळखपत्र विसरलेलं. घोंगडं परत टांगावं म्हणून मी उठलो, पण त्याच्यावर भाकरी, ठेचा आन म्हातारी, तिघंबी हुती.

आता भांडण हुणार, मला वाटलं. (खरं सांगतो, व्हावं असंच वाटलं.) तर त्यानं बूट काढलं, कंपनीच्या कपड्यात मांडी घातली आन म्हणाला, "आई, मलाबी एक दे."

सगळ्यात मोठा धक्का हाच, मामा. माणूस चांगला निघाला.

तरीबी माझं मत, पोरगी तिथं देऊ नका. चौथा मजला लय उंच. बाकी तुमी थोर हायसा.

तुमचाच,
कृष्णात

ता. क. : भट्टी सोडली. रविराजनं त्याच्याच कंपनीत मला चिकटवलंय, एक तारखेला हजर व्हायचं हाय. त्याच बिल्डिंगीत भाड्यानं खोली बघितलीय, तिसऱ्या मजल्यावर. एक मजला कमीच हाय. मामाच्या पोरीवर पहिला मान भाच्याचा, हे मी तुमाला काय सांगावं?

दुसरं ता. क. : उत्कर्षा हो म्हणाली तर मामीला म्हणावं, अजून एक घोंगडं करा. भिंत मोकळी हाय.