सोळातले चौदा

अंबाजोगाई, शुक्रवार संध्याकाळ, जानेवारी १९९९

उद्या कॉलेजच्या संगणककक्षाचं उद्घाटन. सोळा संगणक एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे, म्हणजे मराठी शिकवणारीकडे. का? तर इंग्रजी पुस्तिका मी वाचली. प्रत्येक संगणकाला आकड्याचा पत्ता लागतो; सोळा ते एकतीस असा सोळा पत्त्यांचा गट करून वाटला. मानाने पहिला प्राचार्यांना, शेवटचा हेडक्लार्क अप्पांना. चौदा चालू झाले, हे दोनच मुके.

"मॅडम, माझंच कावून बंद हाय? लई राग हाय का माझ्यावर?" अप्पा दुपारभर विचारत होते.

सोळा पत्ते, सोळा संगणक. मग अडलं कुठे?

घरी चहा टाकताना उमगलं. गटातला पहिला आकडा हे गटाचंच नाव, गावाच्या पाटीसारखं. शेवटचा म्हणजे दवंडी, सगळ्यांना एकदम हाक. पाटीत कुणी राहत नाही, दवंडीतही नाही. सोळातले चौदाच उरतात. चहा तसाच ठेवून निघाले. चावी अप्पांकडे होती, त्यांना घेऊनच कॉलेज गाठलं.

सगळ्या संगणकांवर गट दुप्पट केला, शून्य ते एकतीस. प्राचार्यांचा सोळा आता मधला, तो लगेच बोलला. अप्पांचा एकतीस अजूनही दवंडीच. शून्य आता पाटी, म्हणून त्यांना रिकाम्यातला पहिला दिला. एक. सोळाच्या सोळा संगणक चालू!

"मला एक? आन् साहेबाला सोळा?" अप्पांनी दार लोटलं. "त्यांना कळायचं न्हाई ना?"

"आकडा पडद्यावर दिसत नाही, अप्पा."

अप्पांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली. मग हळूच म्हणाले, "मंग दिसावा म्हणून काय दाबायचं, तेवढं शिकवा की."