तुळईवरच्या सात भेगा

ता. ४ मे १९३६
पंचवटीतल्या धर्मशाळेची काँक्रीटची तुळई ओतून तीन दिवस झाले. साच्याच्या बाजूच्या फळ्या आज काढल्या. अंग कसं गुळगुळीत, एक खड्डा नाही! निजाम मिस्त्रीने ओली गोणपाटं गुंडाळली. "पंधरा दिवस वाळू द्यायची नाय, रावसाहेब." मला, ओव्हरसियरला शिकवतो! पुण्याच्या कॉलेजात मी काय गोट्या खेळत होतो?

ता. ६ मे
देणगीदार शेठ उद्या मुंबईहून येणार. सोबत फोटोवाला. ती कळकट गोणपाटं बघून म्हणतील, धर्मशाळा बांधताय की कांद्याची वखार? निजामला सांगितलं — काढ. "ऊन लय हाय, रावसाहेब. काँक्रीट सुकताना आकसतं, आतलं लोखंड आकसत नाय. ओढाताणीत काँक्रीटच फाटंल." म्हटलं, काढ. काढली त्याने, तोंड पाडून.

ता. ९ मे
शेठ आज येतील, उद्या येतील — शेवटी तार आली. पोट बिघडलंय म्हणे. तुळई तीन दिवस उन्हावाऱ्यात उघडी!

ता. १० मे
भेगा. सात. केसाएवढ्या, उभ्या, हातहात अंतरावर. निजामने एकेकीवरून नख फिरवलं आणि खाली उतरला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ता. १३ मे
इंजिनिअरसाहेब आले. भिंग लावून बघितलं. "तुळईवर अजून भार नाही, म्हणजे या सुकण्याच्या भेगा. पडणार नाही, पण पाणी शिरून सळया गंजतील. गोणपाटं कोणी काढली?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात निजाम म्हणाला, "मी काढली, साहेब."

खोटं नव्हतं. कोणाच्या हुकमाने, ते साहेबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी भेगा मोजत उभा! सातच होत्या.

ता. १४ मे
जेवायला बसलो. सौ.ला सगळं सांगितलं. "तोंड शिवलं होतं का तुमचं?" म्हणाली. शिवलंच होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काय! लाज वाटते. उद्या साहेबांना सांगणार, मग काय व्हायचं ते होवो.

ता. १५ मे
सांगितलं. साहेब हसले. "मिस्त्रीसाठी आळ स्वतःवर घेताय? मोठं मन आहे तुमचं!" दोनदा म्हटलं, साहेब, हुकूम खरोखर माझाच होता. त्यांनी पाठ थोपटली. माझ्या बढतीची शिफारस करणार आहेत.

निजाम बायकापोरं घेऊन सकाळच्या मोटारीने मालेगावला गेला.