घरच्यांच्या हरकतीचं कलम

३ जून, सकाळ
बोईसरच्या संशोधन संस्थेने नीतिमत्ता समितीवर घेतलं. नियमाप्रमाणे डॉक्टर, वकील आणि एक 'सामान्य माणूस' लागतो. सामान्य माणूस म्हणजे मी. शैला हसली. बायकोला नीतिमत्ता कळत नाही.
निश्चय: कुणाची भीड ठेवायची नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून कधी ठेवली?

५ जून
विषय कळला. धडधाकट माणसांना लस टोचायची, महिन्याने सोड्याच्या पाण्यातून टायफॉइडचे जंतू पाजायचे आणि ताप येतो का ते पाहायचं. आला की लगेच औषध. अर्ध्यांना लस खोटीच. कुणाला कुठली, ते त्यांनाही सांगायचं नाही. वकील चारुताबाई म्हणाल्या, निरोग्याला मुद्दाम आजारी पाडणं बरोबर कसं? मी सुनावलं, समाजासाठी दोन दिवसांचा ताप सोसवत नसेल तर कसला समाज. सगळे कागद चाळायला लागले. पटलं असणार.
माणसं कुठून आणायची, तेही मीच सुचवलं. किनाऱ्यावरचं दांडी गाव. पावसाळ्याची मासेमारीला बंदी, होड्या ताडपत्रीखाली, लोक रिकामे. चारुताबाई: रिकाम्या माणसाचा होकार हा होकार असतो का? फार वाचतात बाई.

९ जून
दांडीत सभा. सुक्या मासळीचा वास. शर्ट धुवायला टाकला. नवशा नावाचा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, म्हणाला, पितो, जाळी शिवून कंटाललो. तेवढ्यात त्याची बायको वत्सला उठली. "माज्या नवऱ्याला पाजताय, तुमच्या घरचा कोन पिनार हाय?" गाव हसलं. चोख उत्तर सुचलं होतं, पण तोवर गाडी बोईसरला पोचली होती.

१० जून
असला तमाशा पुन्हा नको म्हणून कलम घातलं: सज्ञान माणसाचा होकार पुरेसा, घरच्यांची हरकत ऐकली जाणार नाही. मंजूर. चारुताबाई विरोधात. कलमाला माझं नाव द्या म्हटलं नाही. याला विनय म्हणतात.

१७ जून, जेवताना
मेघालीने (कन्या, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष) वरणभात कालवता कालवता सांगितलं की तिने प्रयोगात नाव दिलंय. दांडीच्या सभेचा व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणाली, त्या बाईंना कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना. मी म्हटलं, तुला काय गरज? म्हणाली, नवशादादांना काय होती? मी म्हटलं, ते वेगळं. वेगळं कसं, ते सांगायच्या आत शैलाने ताक वाढलं.

१८ जून
पूर्ण विचारांती मत: प्रयोग अमानुष आहे. टायफॉइडने आतडं फुटू शकतं. हे आधी कुणी सांगितलं का नाही? प्रस्तावाच्या पान अकरावर होतं म्हणे. पान अकरापर्यंत कोण जातं?

२० जून
समितीत हरकत घेतली. अध्यक्षांनी माझंच कलम वाचून दाखवलं. चारुताबाई तरी बाजूने बोलतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "हेच दांडीच्या लोकांसाठी बोलला असतात, तर प्रयोग कदाचित थांबला असता." कुजकी बाई. मुलगी प्रयोगात म्हणून मला समितीतून मोकळं केलं. सोसायटीत सांगितलं, तत्त्वासाठी राजीनामा दिला.

७ जुलै
लस टोचून दोन आठवडे झाले. मेघालीशी माझा अबोला. शैला म्हणते, पोरीच्या ते लक्षातच आलेलं नाही.

२१ जुलै
आज ती प्यायली. मुक्काम संस्थेतच. मी माकुणसारच्या वाडीवर जाऊन चिकूची झाडं पाहिली. जेवलो नाही. अपचन असावं.

२९ जुलै, दुपार
संस्थेच्या गेटवर. रखवालदार म्हणाला, "अंकल, खबर उसी को मिलेगी जिसका नाम लिखवाया है." मेघालीने शैलाचं लिहून दिलंय. शैलाला विचारलं की 'बरी आहे' एवढंच सांगते. मी घाबरतो म्हणे.
गेटशी वत्सला फोन कानाला लावून उभी. आत नवशा. मला म्हणाली, "तुमच्या पोरीला कालधरनं ताप हाय. माज्याला नाय." मग फोन पुढे करून, "तो दाराबाहेरनं तिला सांगल. काय निरोप देऊ, बोला."
मी म्हटलं, औषध चालू केलं का, विचारा.
"ते कालच केलं. बापाचा निरोप इचारते."
फोन तसाच धरून उभी राहिली. मग स्वतःच नवशाला म्हणाली, "सांग तिला, बाप आलाय. बोलत नाय."
बोलणारच होतो.