भिंतीपलीकडे कोण आहे

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लागायची नाही, त्या धीरावर लिहायला बसलोय. शराफिया मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीत दुपार उतरणीला लागली आहे. खाली हॉटेलातली केरळी पोरं पराठे थापटतायत, आणि त्या ठेक्यावर तुमची चौथीची कविता आपोआप ओठांवर येते. अडुसष्ट संपलं मला. त्यातली चाळीस वर्षं जेद्द्यात जिप्समच्या भिंती उभ्या करण्यात गेली. भिंत म्हणायची एवढंच. पत्र्याची चौकट, दोन्ही अंगांना बोटभर जाडीचा बोर्ड आणि मधे हवा. वरून पुट्टी आणि रंग चढला की विटेची वाटते. इथे कारागिराला मुअल्लिम म्हणतात आणि शाळेतल्या मास्तरांनाही तेच म्हणतात. माझ्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी या देशात आहे त्या मालकानं, पहिल्यांदा मला तशी हाक मारली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, तुम्हीच आलात की काय म्हणून.

हा कफील वयानं माझ्याएवढाच, तरी मी त्याला बाबा म्हणतो. दरवर्षी त्याची सही झाली की माझा इकामा नवा होतो, म्हणजे इथे राहायला मिळतं. त्याची बायको गेली, मुलगा कामाला रियाधला, आणि आठ वर्षांची नात त्याच्याजवळ. तिच्यासाठी तीन वर्षांपूर्वी मीच त्याच्या निजायच्या खोलीचे दोन भाग करून दिले. गेल्या गुरुवारी कपाटाचं बिजागर बसवायला गेलो, तर त्यानं कहवा पाजला, खजूर पुढे केले आणि उशालगतच्या खणातून पिस्तूल काढलं. परवान्याचं आहे. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून त्याची झोप उडाली आहे. "चोर या दारातून येणार, मी इथे असा," म्हणत त्यानं गोळ्या काढलेलं पिस्तूल दाराकडे रोखलं. दाराला लागूनच माझी भिंत. आणि भिंतीपलीकडून नातीचा आवाज येत होता. शाळेतलं गाणं पाठ करत होती. एका ओळीवर अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आणि मी तुमच्या घरात उभा आहे, गुरुजी. चौथीत आहे. दुसऱ्या दिवशी तालुक्याला पाठांतराची स्पर्धा, म्हणून तुम्ही आम्हा चार पोरांना घरी बोलावलंय. काकू चुलीपाशी काजू भाजतायत, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतोय. पडवी आणि आमची खोली यांच्यामधे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेला कूड आहे. तुमची ती डुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक. तिला हात लावण्याआधी तुम्ही घरातल्या एकेकाला हाक मारायचात आणि ज्यानं त्यानं कुठे आहे ते सांगून ओ द्यायची, ही तुमच्या घरची रीत. त्या दिवशी पिसाळलेलं कुत्रं खळ्यात शिरलं. तुम्ही ओरडलात, "पोरांनो, मागल्या दारी व्हा!" तिघं धावले. मलाही ऐकू आलं होतं. पण पहिल्यांदाच बिनचूक म्हणत होतो आणि दोनच कडवी राहिली होती. मी डोळे मिटून म्हणत राहिलो.

कुत्रं पडवीत, कुडाला पाठ लावून. तुमचा नेम त्याच्यावर. आणि कुडातून माझा आवाज. तुम्ही नळी खाली घेतलीत आणि बंदूक काठीसारखी चालवलीत. गडी धावून येईपर्यंत कुत्र्यानं तुमची पोटरी धरली होती. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत. मला वाटलं, छडी मिळणार. तर तुम्ही खाटेवरून विचारलंत, "काय शायर, कडवं पुरं झालं का?" मी रडायला लागलो. मग म्हणालात, "जिथून तुझी कविता आली, तिथून माझे छर्रे गेले असते. भिंत दिसली म्हणून भागत नाही रे. पलीकडे कोण आहे ते आधी विचारायचं."

मी कफीलला म्हटलं, "बाबा, पोरीला आधी इकडे बोलवा." ती वही घेऊन आली, त्याला बिलगून उभी राहिली. मी पिशवीतला सगळ्यात लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक भिंतीला टेकवलं आणि तळहातानं ठोकलं. दुसऱ्या ठोक्याला तो मुठीपर्यंत आत गेला. पोर धावत पलीकडे गेली आणि तिथून ओरडली, "आजोबा, माझ्या उशीच्या वर निघालाय!"

कफीलनं ती मूठ बोटांनी चाचपून पाहिली. "तू तर मजबूत आहे म्हणाला होतास."

"फोटो टांगायला मजबूत आहे, बाबा. हा तर माझा म्हातारा हात."

"पलंग हलवला तर?"

"कुठे हलवणार? गोळी एका भिंतीवर थांबेलच असं नाही. दार लाकडी, त्यामागे जिना, जिन्याखाली तुमचा आचारी झोपतो."

"आचाऱ्याचं काही सांगू नकोस, मीठ जास्त घालतो तो," म्हणाला खरा, पण हसला नाही. गोळ्या एका डब्यात आणि पिस्तूल खालच्या लोखंडी कपाटात गेलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग नातीचा हात धरून म्हणाला, "यल्ला मुअल्लिम, बाहेरच्या दाराला लोखंडी फाटक बघायला चल. चोर तिथेच थांबला पाहिजे." वाटेत विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्यानं गाडी सिग्नलला थांबवली आणि हात उचलून तुमच्यासाठी दुवा मागितली.

इथे पत्र संपवता आलं असतं, आणि तुम्ही हयात असतात तर इथेच संपवून टपालात टाकलं असतं. पण हे कुठेच जाणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. पिस्तूल मला गुरुवारी पहिल्यांदा दिसलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी, विकत घेतलं त्याच दिवशी, त्यानं ते कौतुकानं माझ्या हातात दिलं होतं. भिंत माझी होती, पलीकडे कोण निजतं ते मला ठाऊक होतं. पण इकाम्याची सही व्हायची होती, आणि आपलंच काम कच्चं आहे हे तेव्हा कोण सांगणार. "मुबारक बाबा," म्हणून मी पिस्तूल परत दिलं. सही त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी झाली. ते दोन महिने पोर रोज तिथेच झोपत होती.