हिरव्या दाण्याची साल

स्टोराहोल, २ मार्च २००४

चि. स्टेनुन हिस तिच्या एकुलत्या काकाचे अ. उ. आ.

तू मागितलेले लाव्ह्याचे दगड धाडलेत, हिरव्या दाण्यांचेच. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, रेक्याविकमधले दगड संपले का?

तुझा बाबा, आमचा कारी, मेंढ्या उतरवायला डोंगरावर निघाला, त्या सकाळी माझ्या कोठारातल्या भूकंपमापकाचा कागद मीच पाहिला होता. रेघ सरळ आहे, खुशाल जा, असं कारीला मीच म्हणालो. दुपारी डोंगर फुटला. माझ्या नजरेतून काही निसटलं का, हे अठ्ठावीस वर्षं मला छळतंय. तुझ्या दगडांना ठाऊक असेल तर कळव. मन राखायला खोटं मात्र लिहू नकोस.

तुझा,
बेर्गुरकाका


रेक्याविक, २० मे २००४

ती. बेर्गुरकाकांस सा. न.

खालून ताजा, तापलेला रस आला की दाण्यावर नवी साल चढू लागते आणि डोंगर फुटला की थांबते. साल जाड असेल तर डोंगर बरेच दिवस धुमसत होता. पातळ असेल तर अचानक उठला.

पहिल्या सहा दाण्यांनी दोन दिवस सांगितले. म्हणजे त्या सकाळच्या रेघेत काही दिसायला हवं होतं. काका, तेही तुम्हाला कळवणारच होते. मग दिसलं, ती साल जुन्या कुठल्या तरी उलथापालथीची होती. तिच्याबाहेर आणखी एक होती, केसाहून बारीक. एकशे चाळीस दाणे मोजले. एका सहकाऱ्याकडून, त्याला काहीच न सांगता, पुन्हा मोजून घेतले. उत्तर तेच आलं: फार तर तीन तास. बाबा तोवर वर पोचलेसुद्धा होते. सकाळच्या कागदावर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

आईला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.

तुमच्या मायेची हक्कदार,
स्टेनुन


स्टोराहोल, १ जून २००४

चि. स्टेनुन, अ. आ.

पोरी, केसाहून बारीक सालीतून तू तास काढलेस! आयुष्यभर कागदावरच्या रेघा वाचूनही मी तुझ्यापुढे अंगठाबहाद्दर. ते सहा दाणे तू लपवले नाहीस, म्हणून बाकीच्यांवर माझा विश्वास बसला. कारी असता तर गावभर सांगत सुटला असता.

पत्र घेऊन गुड्नीवहिनीकडे गेलो. कारी गेल्यापासून तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की, डोंगर कधी हलला हे मी तुला कधी विचारलं होतं का? नवरा डोंगराने नेला, पण दीर तर शेजारीच धडधाकट होता. अठ्ठावीस वर्षांत एकदा कॉफीला फिरकला नाही, राग आहे तो त्याचा.

मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली. त्यावर ती म्हणाली, रडणं नंतर कर, आधी कॉफी पी, गार होतेय.

लोभ दगडांना पुरून उरला तर इकडेही असू दे.

बेर्गुरकाका