मराठी तक्ता

६ ऑगस्ट
सकाळच्या बसनं निपाणीहून बेळगाव. डाव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबून पाच महिने झाले, डोळ्यात औषधाच्या दोन सुया झाल्या. आज नजर तपासणी. आधी उजव्यानं सगळा तक्ता, मग उजवा झाकून डाव्यानं पाच ओळी. गेल्या वेळेइतक्याच. मराठी तक्ता पहिल्याच दिवशी भांडून मिळवलाय. तपासणी करणाऱ्या रेश्मानं अडगळीतून काढून पुसून टांगला.
डॉक्टर म्हणाले, स्कॅन करून तिसरी सुई बघू. मी म्हटलं, नजर टिकलीय, महिनाभर विडी कामगारांच्या सभा आहेत, पुढं ढकला. मीच दहा मिनिटं बोलले. पटलं त्यांना.

१० सप्टें.
परत बेळगाव, नजर तपासणी.
रेश्मा म्हणाली, आज आधी डावा. उजवा झाकला, सुरू केलं. पाचवी ओळ संपली. ती दिव्याच्या बटणाकडं वळली. मग हसत, "आक्का, तक्त्याचा दिवा अजून लावला न्हाय मी."
आणि हसायची थांबली.
मला वाटलं, नेहमीचंच धूसर. किती महिने मी वाचतच नव्हते, कोण जाणे. हातात कागद न घेता दोन तास बोलते, याचा केवढा ताठा. तक्ता कधी पाठ झाला कळलंच नाही.
तिनं कन्नड तक्ता लावला. "येतंय न्हवं?" येतं. विडीवाल्या बायकांनीच शिकवलंय. पहिली ओळ. दुसरीतली दोन अक्षरं. संपलं.
स्कॅनमध्ये सूज वाढलेली. डॉक्टर पुटपुटले, स्वतःशीच, "मी यांचं ऐकायला नको होतं." उद्याच सुई. गेलेली नजर किती परत येईल, सांगता येत नाही म्हणे.

११ सप्टें.
निघण्याआधी कपाटावरचा चौकटींचा कागद बघितला. रोज एकेक डोळा झाकून बघायला डॉक्टरांनी दिलेला. आज पहिल्यांदा नीट. मधल्या रेघा वाकड्या. एक चौकट नाहीच.
अण्णा बघत होता. "आमची भैन साऱ्या गावाला सांगती, डोळं उघडा." चहा ठेवून गेला.
कागद घडी करून पिशवीत घातला.

१५ ऑक्टो.
सुई होऊन महिना. उजवा झाकून कन्नड तक्ता. दुसरी ओळ पूर्ण. तिसरीचं पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि थबकले. दिसलं, की आठवलं? चांगलं सांगावंसं फार वाटत होतं.
"ठाऊक नाही," म्हटलं आणि उजव्यावरचा हात काढला.
"मग इंग्लिश लावू काय आक्का? तुमास्नी चालंल?"
"थांब. उजवा झाकू दे. मग लाव. नाहीतर हाही पाठ होईल."