न समजलेल्याची पेटी

७ जुलै, सोमवार
पेट्या लागल्या एकदाच्या! प्रत्येक वर्गात एक. जे समजलं नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता पेटीत टाकायचं. पहिल्याच दिवशी दोनशे चौदा चिठ्ठ्या! गणिताच्या बाई आठ्या घालून म्हणाल्या, "ही तर आमचीच परीक्षा." मी हसून सोडून दिलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सातवीतल्या एका चिमुरडीनं एकटीनंच अकरा चिठ्ठ्या टाकल्या म्हणे. शिपाईमामांनी तिचं नाव प्रश्नपेढी ठेवलंय.

१८ जुलै, शुक्रवार
शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर वर्गवार आकडे लिहिले — कुणाच्या वर्गातून किती चिठ्ठ्या. कुणाला मदत हवी ते कळावं, एवढंच मनात.

१ ऑगस्ट, शुक्रवार
सातवी शून्यावर! मी हुरळूनच गेले. सातवीच्या वर्गशिक्षिका म्हणून गणिताच्या बाईंना प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर फूल दिलं. घरी यांना सांगितलं तर म्हणतात, "महिन्याभरात सगळी पोरं हुशार? मग शाळेला कुलूप लाव आणि घरी बस." चिडले मी. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
बारा वर्ग. बारा शून्यं.

६ ऑगस्ट, बुधवार
गणिताच्या बाई रजेवर, म्हणून सातवीचा तास मी घेतला. मुद्दाम चुकीचं लिहिलं — एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश. "समजलं?" अडतीस माना एकदम हलल्या. "समजलं, बाई."

प्रश्नपेढीला उभं केलं. "तुलाही पटलं?" तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच — "बाई, चिठ्ठी निघाली की सगळ्या वर्गाचं मैदान बंद होतं. कुणी टाकली ते सांगेपर्यंत."

मधल्या सुट्टीत वर्गावर्गातून विचारत फिरले. थोड्याफार फरकानं तेच. पाचवीत तर मुलंच आळीपाळीनं पेटीजवळ पहारा देतात.

हे माझं पाप आहे. आकडे मी लिहिले, फूल मी दिलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
फळा पुसला. गणिताच्या बाईंना बोलावलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "आकडा तुम्हाला हवा होता. मी दिला."

उद्या शिक्षणाधिकारी साहेब येताहेत. पेट्या आणखी चाळीस शाळांत लावायच्या की नाही, ते उद्या ठरणार. मी सगळं सांगणार, अगदी सगळं. प्रश्नपेढीला तसा शब्द दिलाय. तिनं नुसती मान हलवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सभागृह भरलेलं. साहेबांनी आमची शून्यं पडद्यावर दाखवली. टाळ्या थांबेनात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही अडचण, बाई?" प्रश्नपेढी दुसऱ्या रांगेत बसली होती, माझ्याकडे बघत.

"काही नाही, साहेब," मी म्हणाले.

सोमवारपासून चाळीस शाळा.